चहाआधी एक हंडा

कौसल्याताईंविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे, आणि ती नोंदवण्यास त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या ग्रंथाइतके योग्य स्थळ दुसरे नाही. त्यांच्या घरी आजवर मला एकही चहा विनासायास मिळालेला नाही.

वार्ताहर म्हणून नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या त्यांच्या वाडीवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी बसायला सांगण्याऐवजी रिकामा हंडा पुढे केला. "भाऊ, खालच्या विहिरीवरनं भरून आना. मग च्या."

अतिथी हा देव असतो, असे आम्हाला पाठशाळेत शिकवले होते. मी ते सांगून पाहिले.

"व्हय की. पन देवाच्या अभिषेकाला बी पानीच लागतं."

अर्धा हंडा अंगावर सांडून परतलो. उरलेला ताईंनी शेजारच्या घरात ओतला आणि तिथली मुलगी दप्तर उचलून पळाली. तेव्हा कुठे उलगडा झाला. पाण्याच्या खेपांत मुलींची शाळा बुडते. पाहुण्याने एक खेप केली की एक पोरगी वेळेवर वर्गात बसते.

नियम सर्वांना सारखा. सरपंचांनी मोटारसायकलवरून आणलेला हंडा ताईंनी हिशेबात धरला नाही. एकदा तर ग्रामसभेला आलेल्या प्रत्येक पुरुषाला त्यांनी आधी विहिरीवर धाडले. वर्षानुवर्षे पुढे ढकललेला शाळेजवळच्या टाकीचा ठराव त्या दिवशी धापा टाकणाऱ्या सभेने बिनविरोध मंजूर केला.

पुढे हवामानबदल आणि स्त्रिया या विषयावरच्या परदेशातील परिषदेचे त्यांना बोलावणे आले. परतल्यावर विचारले, काय ठरले?

"लई चांगली मानसं, भाऊ. बाई-पुरुष समान, ह्ये समद्या देशांनी लिवून दिलं. पानी कोन आननार, तेवढं राह्यलं."

त्या परिषदेतल्या दोन विदुषी नंतर वाडीवर आल्या. हंडे त्यांनाही मिळाले.

माझ्या पाठीचे ऑपरेशन झाले, तेव्हा ताई एस.टी.ने नगरला आल्या. उशाशी एक तांब्या ठेवून म्हणाल्या, "तुमचा हंडा आता येवढाच. पन सुट्टी न्हाई."

ताईंना निरोगी शतायुष्य लाभो, आणि त्यांचे गुडघे त्यांच्या जिभेइतके खणखणीत राहोत.

थट्टा इथे संपली. ठरावातली टाकी झाली, पण ती त्याच खालच्या विहिरीवर भरते. विहीर पूर्वी चैत्रापर्यंत पुरायची, यंदा माघातच तळ दिसला. मुली पुन्हा खेपांना लागल्या आहेत, आता लांबच्या विहिरीवर. ताईंची नात आठवीत आहे. तिचा पहिला तास रोज चुकतो. मला खरी काळजी वाटते ती याची. विहीर दर वर्षी लवकर आटते आहे, आणि आम्ही पाहुणे पुरे पडत नाही.