गाजर चालेल, गोळी नको

मंडळी, आज दुपारी थोरल्या भावाला डॉक्टरांकडे दाखवून रिसोडहून परतलो, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

भावाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही. त्याला ताकद यावी म्हणून दिवाळीपासून मी रोज सकाळी मारुतीच्या तीर्थासोबत व्हिटॅमिनची एक गोळी देत होतो. कोणाला विचारलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या डबीवरचं लेबल वाचून ती बाजूला ठेवली. "गाजर खाऊ द्या. पण त्यातलंच सत्त्व या गोळीत आहे; ते असं गोळीतून भरपूर दिलं, तर बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो."

"माझ्या गोळीनं बिघडलं का?"

"ते सांगता येणार नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर भाऊ हसला. "बाबू, मले बिडी सोड म्हन्तं अन् सोता गोळ्या चारून राह्यला होता. उद्या तीर्थ तं देशीन ना, का तेही डाक्टरले विचारू?"

मला हसू आलं नाही. गाजरात चांगलं ते गोळीत वाईट कसं, हे अजून उमगत नाही. आणि ज्याचं भलं व्हावं म्हणून दिलं, त्याची माफी कशी मागायची? तुमच्यापैकी कोणी मागितली आहे का?