आमच्या गोरेगावात क्षयरोगी नाहीत

न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही कलमांवाचून करमत नाही. मी आमदारांना पत्रे लिहितो आणि ती रागाने लिहितो.

यंदाच्या रागाचे कारण माझ्या घराला लागून राहते. शेजारी कापूस पिंजून गाद्या भरतो. त्याच्या खोकल्याचे खापर आम्ही सगळ्यांनीच कापसाच्या धुरळ्यावर फोडले होते. तपासणीत क्षयरोग निघाला, तेव्हा त्याने उपचार गावात न घेता शेजारच्या जिल्ह्यातील एका दवाखान्यात, मेव्हण्याच्या पत्त्यावर सुरू केले.

"काहून इतक्या लांब?" मी विचारले.

"काका, टीबीवाल्याच्या हातची गादी कोण घेईल?"

हा रोग गादीतून नव्हे, हवेतून पसरतो आणि नियमित औषधाने बरा होतो, हे त्याला ठाऊक होते. गिऱ्हाइकांना ते ठाऊक असेल, याची मात्र त्याला खात्री नव्हती. त्याच वाटेच्या जीपमध्ये त्याला गावचे आणखी दोघे भेटत. तिघेही उतरत त्याच दवाखान्यापाशी, पण एकमेकांना लग्नाला निघाल्याचे सांगत. भर आषाढात!

पुढे त्या दवाखान्यात औषधांचा तुटवडा झाला आणि तो रिकाम्या हाताने परतू लागला. उपचार असे तुटत राहिले तर हा रोग पुढे औषधाला दाद देईनासा होतो. मी आमदारांना लिहिले, की संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. क्षयरोग निर्मूलनाच्या घोषणेमागे औषधांचा राखीव साठा आणि तपासणीची यंत्रे यांसाठी अर्थसंकल्पीय तरतूद उभी करावी. उत्तर आले: आपल्या भागातील रुग्णसंख्या अल्प असल्याने मागणीस पुरेसा आधार दिसत नाही.

ते उत्तर मी शेजाऱ्याच्या अंगणात मोठ्याने वाचले. त्याने पिंजणयंत्र बंद केले.

"म्हंजे आमी तिघं गावात न्हाईच का?"

"सरकारदप्तरी तुम्ही लग्नाला गेला आहात."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. त्याची बायको पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळंल. तुमी गेल्यावर? जा, मोजून घ्या सोताला."

त्याने उपचार गावच्या आरोग्यकेंद्रात वळवून घेतले. तिथे औषध होते, पण थोडे. नंतर आमदार तालुक्याच्या गावी, सेनगावला, लोकांना भेटायला आले, तेव्हा आम्ही दोघे गेलो. माझी मागणी ऐकून त्यांनी पत्रातलेच उत्तर दिले. मी कलम काढणार, तोच शेजारी उभा राहिला.

"साहेब, मी गोरेगावचा. मला टीबी हाय. औषध मधीच तुटलं तर मी बरा होत न्हाई. मला इथं मोजा."

पुढच्या रांगेतील एकाने खुर्ची मागे सरकवली. दाराजवळून आवाज आला, "अन् मला बी." तो जीपमधला एक वऱ्हाडी होता.

आमदार माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काका, मागणी पुन्हा वाचा." मला कागद लागला नाही. औषधसाठा आणि यंत्रांच्या तरतुदीचा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडण्याचे त्यांनी मान्य केले. तोंडी आश्वासन पुराव्यात टिकत नाही, म्हणून मी ते तिथेच लेखी घेतले. प्रश्न मांडला जाईल. न मांडणाऱ्याला माझी पत्रे किती महागात पडतात, हे त्या कार्यालयाला आता माहीत आहे.

सेनगावची बातमी गावात पोचताच शेजाऱ्याची गिऱ्हाइके तुटू लागली, आणि त्याचा धंदा अधिवेशनापर्यंत थांबणारा नव्हता. माझी गादी उत्तम स्थितीत होती. तरीही बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर घेऊन मी भर गर्दीतून त्याच्या बाजारपेठेतल्या दुकानी गेलो. लोक वळून पाहत होते.

"काका, हिला काय झालं?"

"तपासा," मी मोठ्याने म्हणालो. "निदान गावातच होऊ द्या."

त्याने सर्वांदेखत आरोग्यकेंद्रातली गोळी घेतली, वर पाणी प्यायला आणि गादीचे टाके उसवायला घेतले.