घास पोचेल एवढं मशीन

गोधडी शिवायचं मशीन बनवणाऱ्यांपैकी एकानेही आजवर गिरगावातली खोली आतून पाहिलेली नाही, असा माझा थेट आरोप आहे. पाहिली असती, तर कॅटलॉगातल्या फोटोत मशीनमागे भिंतभर खिडकी, खिडकीबाहेर बाग आणि मशीनच्या चारी बाजूंना मोकळी जमीन दाखवायची त्यांची हिंमतच झाली नसती!

असो. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा मला ते आठवड्याचं काम वाटलं होतं. लागले सात महिने. मशीन एकच आलं, पण किस्से इतके साठले, की चहाला कुणी आलं की फर्माईश होते, "तो कागदी टेबलाचा सांग ना!" एक सांगितला की मागचा आठवतो, तो सांगितला की त्याच्या आधीचा. म्हणून आता पहिल्यापासूनच सांगते.

*

आधी माणसं. आम्ही चौघी. कुमुदआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ऑफिसातून रिटायर झालेली, आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहणारी. नाईक काकू, माहेर लालबागचं, बोलणं मालवणी, आवाज तिन्ही मजल्यांना पुरेल असा. मंदाताईंनी आयुष्य बँकेत काढलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट रकान्यात मांडल्याशिवाय त्यांना पटत नाही. आणि चौथी मी.

आत्याची खोली कोपऱ्यातली. तिच्या दारासमोर गॅलरी वळते, तिथे जागा जरा ऐसपैस आहे. दुपारी दोनला तिथे जुन्या साड्यांचे थर अंथरायचे आणि चार बाजूंना चौघींनी बसायचं. कडेपासून धावदोरा घालत घालत मधे सरकायचं. शेवटी अगदी मधोमध एक चिमुकला चौकोनी तुकडा लावायचा. त्याला घास म्हणतात. गोधडी कुणाला तरी जन्मभर ऊब देणार, तिला उपाशी कशी ठेवायची!

मी लहान होते तेव्हा चौथी बाजू आईची होती, पण आई ऑफिसला; ती आपली बाजू रविवारी भरून काढायची. मी त्या रिकाम्या बाजूने साड्यांखाली शिरून पडायची. आत सगळं जग जांभळं दिसायचं आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास यायचा. वरून नाईक काकू ओरडायच्या, "गो, सुई टोचतली!" बाराव्या वर्षी त्यांनीच मला ओढून बाहेर काढलं आणि हातात सुई दिली. मला घाई फार. तासाभराने काकूंनी माझं काम उचलून सगळ्यांना दाखवलं.

"ह्या चेडवाचे टाके म्हणजे बसस्टॉप! एक हंय, दुसरो थेट लालबागाक!"

*

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "सुई बंद."

"किती दिवस?" आत्याने विचारलं.

"दिवस नाही. बंद."

आत्या घरी आली, बोटातली पितळी टोपी साखरेच्या डब्यामागे ठेवली आणि दुपारी दोनला दार लावून घेतलं.

आम्ही तिघी बसलो. दुसरीच्या बाजूला बसायचं नाही, हा आमचा न लिहिलेला नियम. त्यामुळे तीन बाजू मधे सरकत गेल्या, चौथी कडेलाच राहिली. गोधडी एका अंगाला ओढली गेली. आठव्या दिवशी तर ती होडीसारखी दिसायला लागली! नाईक काकू उठल्या आणि आत्याच्या दारावर थापा मारायला लागल्या, "कुमुद, भायर ये! शिवू नको, नुसती बस!"

आतून आवाज आला, "नुसती बसायला मी काय गणपती आहे?"

आम्ही हसलो. पण दार उघडलं नाही. त्या दुपारी मी ठरवलं, आत्याला तिच्या बाजूला परत बसवायचंच. मी चोवीस वर्षांची होते. चांगलं मशीन आणि चांगली एक्सेल शीट असली की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

*

"मशीन कशाक विकत? माझा पायमशीन आसा ना!" नाईक काकू म्हणाल्या.

त्यांच्या मशीनच्या हाताखाली जागा वीतभर. गोधडी सात साड्यांची. कड नीट शिवून झाली. पुढच्या रांगांसाठी आम्ही तिची गुंडाळी करून आत ढकलली आणि ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मंदाताई एकीकडून ढकलताहेत, मी दुसरीकडून ओढतेय. शेवटी काकूंनी पदर खोचला, भिंतीला पाय लावला आणि हिसका दिला. गोधडी निघाली. मशीनही निघालं!

काकू जमिनीवर बसल्या होत्या, मशीन त्यांच्या मांडीत. त्याच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझो हातच आखूड. तू तरी काय करतलंस!"

आम्हाला काय हवंय, ते मला त्या एका वाक्यात कळलं. लांब हाताचं मशीन. लाँग आर्म म्हणतात त्याला. सुईपासून मागच्या खांबापर्यंत हातभर अंतर असतं, त्यात अख्खी गोधडी मावते.

*

त्यात दोन प्रकार निघाले. एकात कापड मोठ्या चौकटीवर ताणायचं आणि उभ्याने मशीन फिरवायचं. दुसऱ्यात मशीन टेबलात जागच्या जागी बसवलेलं असतं. आपण खुर्चीवर बसायचं आणि कापड सुईखाली फिरवायचं. कुठलं घ्यावं, हे विचारायला मी दादरच्या एका शोरूमला फोन लावला.

"मॅडम, हॉलची लांबी किती?"

"हॉल नाही. खोली आहे."

"ओके, मग बेडरूममध्ये ठेवू. बेडरूम किती?"

"तीच."

"किचन वेगळं असेल ना?"

"तीच. जरा पलीकडे."

मग तो माणूस फार हळुवारपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसूनवालंच घ्या."

*

तरी बसूनवाल्याचंही टेबल चांगलं मोठं होतं. मंदाताई म्हणाल्या, "आधी ट्रायल बॅलन्स." म्हणजे काय, तर वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाच्या मापाचा कागद कापला आणि आत्याच्या खोलीत मधोमध जमिनीला डकवला. आठवडाभर त्याच्या कडेकडेने वावरायचं. जमलं तर मशीन.

आत्याचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. "करा काय करायचं ते," एवढंच म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी बाबा तिला औषध द्यायला आले आणि चपला काढून सरळ कागदावरून चालत आत गेले.

"अरे ए!" आत्या ओरडली, "टेबलावर पाय काय देतोस?"

बाबा दचकून दोन पावलं मागे आले आणि वळसा घालून गेले! मी कोपऱ्यात उभी होते. डॉक्टरांच्या त्या 'बंद'नंतर पहिल्यांदाच आत्या कशासाठी तरी भांडली होती.

*

शोरूमला आम्ही चौघी गेलो. आत्या यायला तयार नव्हती. "मी काय करू तिथे?" नाईक काकूंनी तिला सांगितलं, की नंतर तिथून माटुंग्याला जाऊन इडली खायची आहे. मग आली.

विक्रेत्याने पहिलं मशीन दाखवलं. त्याला स्क्रीन, स्क्रीनमध्ये शेकडो डिझाइन्स. फुलं, पिसं, ढग, मांजरं. आत्याने सगळी पाहिली आणि विचारलं, "साधी रेघ कुठे आहे?"

"मॅडम, रेघ तर कुणीही मारतं!"

"मारून दाखवा," आत्या म्हणाली. मंदाताईंनी पिशवीतून आमची जुनी जाडजूड गोधडी काढली. विक्रेता म्हणाला, "आमचं सॅम्पलचं कापड आहे ना!" मंदाताई म्हणाल्या, "तुमच्या सॅम्पलवर आम्ही झोपणार नाही." चौथ्या टाक्याला सुई मोडली.

दुसरं मशीन साधं होतं. डिझाइन्स नाहीत, पण हात लांब आणि सुई दणकट. कापड हळू सरकवा नाहीतर भराभर, टाके सारखेच पडणार, अशी त्यात सोय होती. आधी मला बसवलं. टाके एकसारखे आले! नाईक काकूंनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, "देवा, बसस्टॉप बंद झाले!"

मग त्यांनी आत्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. तिने दोन्ही तळवे गोधडीवर सपाट ठेवले, पायाखालचं पेडल दाबलं. गोधडी सरकली. रेघ निघाली, सरळ. आत्या थांबली, स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"अगं, ह्याला अंगठा लागतच नाही!"

मंदाताईंनी वही काढली. नाईक काकू रेघेवर वाकल्या.

विक्रेत्याने विचारलं, "हात कितीचा देऊ? यात तीन साइज आहेत."

"घास पोचेल एवढा," आत्या म्हणाली. त्याचा चेहरा पाहून मंदाताईंनी गोधडी अर्धी गुंडाळली, तिसऱ्या साइजच्या मशीनखाली घातली आणि मधोमध बोट ठेवलं. बोट बरोबर सुईखाली आलं. मंदाताईंनी वहीत एकाच रकान्यात बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

*

मशीन बसवायला घाडगे नावाचे मेकॅनिक आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, खिशाला दोन स्क्रूड्रायव्हर. टेबल जोडून झाल्यावर त्यांनी समजावलं, "हे सिंगल युजर मशीन आहे. एकटीने आरामात बसून चालवायचं."

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. आत्या सुईसमोर बसली होती. मंदाताई गोधडीची डावी बाजू धरून, नाईक काकू उजवी धरून, मी मशीनमागे चौथी.

"तुम्ही बसा ना," घाडगे आम्हाला म्हणाले.

"बसलोच आहोत," मंदाताई उभ्यानेच म्हणाल्या.

खरी गंमत पुढे. आमची रेघ कडेकडेने आत जाते, तुटत नाही. म्हणजे कोपरा आला की अख्खी गोधडी वळवायची. गोधडी वळली की, खुर्चीतली आत्या सोडून, आपापल्या बाजूबरोबर आम्हीही वळायचं. पण टेबल आणि पलंग यांच्या मधून नाईक काकू जाईनात! मग त्यावर उपाय निघाला. खोली कोपऱ्यातली, तिला दोन दारं, एक इकडच्या गॅलरीत, एक वळणापलीकडे. आत्या म्हणायची, "वळा!" काकू हातातलं टोक मंदाताईंकडे द्यायच्या, या दाराने बाहेर पडायच्या, गॅलरीचं वळण घ्यायच्या आणि त्या दाराने आत यायच्या.

वळणावर साठे आप्पा पेपर वाचत बसतात. पहिल्या दुपारी काकू त्यांच्यासमोरून नऊ वेळा गेल्या, दर वेळी एकाच दिशेला. दहाव्या वेळी आप्पांनी चष्मा काढला.

"नाईकबाई, काय हरवलंय का?"

"हरवूक कशाक व्हया? मी गोधडी शिवतंय!"

आप्पांनी चष्मा पुसला, परत घातला आणि पेपर उलटा धरून वाचायला लागले.

*

गेल्या वर्षी नाईक काकू मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या. जाताना सात साड्या आत्याच्या पलंगावर ठेवल्या. "शिवा आणि पाठवा. माका थंय थंडी वाजतली."

आम्ही तिघींनी सुरुवात केली. थोड्याच दिवसांत रेघ उजवीकडे घसरायला लागली. आत्या उसवायची, पुन्हा घालायची, रेघ पुन्हा घसरायची. पाचव्या दिवशी तिने मनगट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "आता हेही गेलं वाटतं." त्या दुपारी मशीनवर तिने चादर टाकली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार लावल्याचा आवाज आला. हा आवाज मला ओळखीचा होता.

मी तडक सर्व्हिसला फोन केला. मशीन बिघडलंय, ताबडतोब माणूस पाठवा, म्हणून चांगली भांडले. घाडगे आले. सुई बदलली, तेल घातलं, दोऱ्याचा ताण पाहिला, टेबल एका पातळीत आहे का तेही तपासलं. त्यांच्या कापडावर रेघ सरळ आली.

"मशीन तर ओके आहे. गोधडीवर चालवून दाखवा."

आत्या नाइलाजाने बसली. मंदाताई डावीकडे, मी मागे. मधोमध घासाची जागा अजून दोन विती लांब होती. उजवीकडे गोधडी टेबलावरून घसरून जमिनीपर्यंत लोंबत होती. घाडगे बराच वेळ बघत राहिले.

"ह्या बाजूला कोण असायचं?"

घाडगेंनी मोरीत जाऊन तेलाचे हात साबणाने धुतले, शर्टाला पुसले आणि लोंबणारी बाजू उचलून धरली. आत्याने पेडल दाबलं. रेघ सरळ निघाली. हातभर गेली, तरी सरळ.

कोपरा आला. आत्या सवयीने म्हणाली, "वळा!"

घाडगे आमच्याकडे बघायला लागले. मंदाताईंनी त्यांच्या हातातलं टोक घेतलं आणि हनुवटीने दार दाखवलं. ते बाहेर पडले. गॅलरीतून साठे आप्पांच्या खुर्चीचा कर्र आवाज आला. मग घाडगे पलीकडच्या दाराने आत आले आणि टोक परत हातात घेतलं.

तिसऱ्या फेरीला त्यांचा मोबाईल वाजला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी तो मला कानाशी धरायला सांगितला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "घाडगे, कुठे अडकलात? एवढा कसला फॉल्ट आहे?"

घाडगेंनी हातातली कड जराशी वर उचलली.

"फॉल्ट नाही सर. इथे एक माणूस कमी आहे."