पुंगळीवरच्या दोन रेघा

मांजरसुंब्याच्या पलीकडं टेकडीखाली नेमबाजीचा क्लब आहे, तिथं मी पुंगळ्या निवडतो. पिस्तुलातून गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी खाली पडते. धड असली तर परत भरता येते, क्लबाला तशी परवानगी आहे. माझी शाळा दुसरीतच सुटली. बुडावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्यांची ठेवण ओळखतो. प्रत्येक मापाचा डबा वेगळा. तोंडावरून नख फिरवलं की बारीक चीर कळते, चिरलेली मोडीत. भरायला जाणाऱ्या पुंगळीच्या बुडाला दर खेपेला मी कानशीनं एक रेघ मारतो, म्हणजे कितीदा भरली ते कळतं. क्लबाचे साहेब म्हणाले, रंग लावा. मी ऐकलं नाही. रंग जातो, रेघ जात नाही.

काल रात्री गावात वरात निघाली, तीत तिघाचौघांनी हवेत गोळ्या झाडल्या. एक गोळी एका मेंढपाळाच्या घराचा पत्रा फोडून पाळण्याशेजारी जमिनीत घुसली. लेकरू थोडक्यात वाचलं. वरात दारावरूनच गेली होती; सकाळी मेंढपाळाला तिथं पुंगळी सापडली. ती घेऊन तो चहाच्या टपरीवर माझ्याकडं आला.

"आबा, ही कुणाची हाय, सांगता येतंय का?"

टपरी भरलेली. पुंगळी हातात घ्यायच्या आधीच मी बोलून गेलो, "कावून न्हाई? ज्याची निघंल त्याला समद्यांम्होरं उघडा पाडतो."

"गप बसा बे, आबांचं कोर्ट भरलंय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

मग बुडावर नख फिरवलं. दोन रेघा. माझ्याच कानशीच्या.

वरातीतल्या पिस्तुलवाल्यांत क्लबात येणारा एकच होता, माझा थोरला. तिथली गोळी बाहेर न्यायची नसते. त्याला क्लबात मीच नेलं होतं, पोरगा पिस्तूल बाळगतो म्हणून गावात मिरवायला.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मेंढपाळ माझ्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानंच मान खाली घातली.

"ऱ्हाऊ द्या आबा. झिजली आसंल, दिसत नसंल."

त्यानं ओळखलं होतं. ज्याच्या पाळण्याजवळ गोळी पडली, तोच मला सोडवू बघत होता. ते लई लागलं.

"डोळं शाबूत हायेत माझं," मी म्हणालो. "माझ्या पोराची हाय."

कुणी कप उचलला नाही. पुंगळी मी त्याच्या मुठीत दिली. "नीट धर. ठाण्यात दाखवावी लागंल. चल, मी येतो."

त्यानं मला गाडीवर मागं बसवलं. वाटेत लोक रोजच्यासारखा रामराम घालत होते. एकालाही उलटा रामराम घालायला माझा हात वर गेला नाही.