ओला फिल्टर

माघ सरत आला तरी चिकलठाण्याची थंडी हटायला तयार नव्हती. विमानतळाच्या भिंतीकडून येणारा वारा अंगाला बोचत होता आणि जालना रोडची धूळ रातोरात येऊन दारात बसली होती. केसरबाईनं पदर कानावरून आवळून घेतला, झाडू उचलला आणि आधी आपलं अंगण झाडलं, मग शेजारच्या सरिताचं. दोघींच्या दारांमध्ये एक नाली, तेवढंच काय ते अंतर. जी आधी उठंल तिनं दोन्ही अंगणं झाडायची. हा नेम कुणी ठरवला नव्हता. पण सरिता नवी नवरी होऊन गल्लीत आली तेव्हापासून मोडलाही नव्हता.

आज केसरबाई मुद्दाम लवकर उठली होती. लेकीच्या बाळंतपणाला पिशोरला गेली होती, ती कालच दुपारी परतली. आणि आज रविवार, विहारातल्या वंदनेचा दिवस.

विहाराची किल्ली तिच्या कमरेला असायची. वर स्लॅब नव्हता, नुसते पत्रे होते, तेव्हापासून विहार झाडायचं काम तिचं. त्याला पगार नाय, पद नाय. पण नवरा गेला, पोरं आपापल्या संसाराला लागली, आणि तिचं म्हणावं असं एवढंच उरलं. पिशोरला जाताना तिनं किल्ली सरिताच्या हातात दिली होती. दुसऱ्या कुणाला तिनं दिलीच नसती.

विहारात व्हॅक्यूम क्लीनर आलं ते प्रणयमुळं. वाळूजच्या कंपनीत लागलेला गल्लीतला पोरगा, त्यानं वडिलांच्या आठवणीखातर ते दान दिलं. त्याआधी सतरंजी कितीही झटका, धूळ उडायची आणि फिरून तिथंच बसायची. पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून आलेल्या बाया वंदना संपली की एकमेकींचं मागचं मातकट झटकत बसायच्या. प्रणय म्हणाला होता, "मावशी, हे तुमच्याच ताब्यात. दुसऱ्याचा भरवसा नाही."

पहिल्या दिवशी मशीन घुरघुरलं तशी ती दोन पावलं मागं सरली होती. "हे तर माझ्या सासऱ्यासारखं घोरतंय!" मग मात्र तिनं त्याला लेकरागत सांभाळलं. ब्रशात गुंतलेले केस जुन्या स्वेटरच्या सुईनं उपसायची. धुळीची पिशवी विहाराच्या मागं, वाऱ्याकडं पाठ करून झटकायची. फिल्टर हळूच आपटून साफ करायची, आणि कधी धुतलाच तर पार कोरडा होईस्तोवर उन्हाला ठेवायची. ओला फिल्टर बसवला की मोटार गेलीच समजायचं, हे प्रणयनं बजावलं होतं. तिनंही तेच सरिताला बजावलं होतं, "धू नको बाई, नुसता आपट."

आज कपाट उघडलं आणि जळका वास नाकात शिरला. तिनं बटण दाबलं. मशीन एकदा कण्हलं आणि गप झालं. झाकण काढलं तर फिल्टर ओलाचिंब. त्याला साबणाच्या पावडरीचा वास, आणि घडीघडीत गुलाबी रांगोळीचा लगदा. काल सकाळी विहारात कुणाचं तरी बारसं झालं होतं, ती रांगोळी.

केसरबाई तशीच सरिताच्या दारात गेली. "सरे, फिल्टर धुतलास?"

सरिताचा चेहरा उतरला. "अक्का, लई घाई झाली व्हती. मशीन ओढंनाच. म्हणलं धुऊन घ्यावा. बसवला अन् धूर निघाला." तिनं डोळ्याला पदर लावला. "तुम्ही नका बोलू कुणाला. वंदना झाली की मीच सांगते सगळ्यांम्होरं."

"सांग, बाई. चूक कुणाची व्हत नाय? त्यात काय एवढं."

केसरबाईनं सतरंजी झाडूनं काढली. वंदना झाली, बाया उठल्या, आणि पांढऱ्या साड्यांवर जुने चट्टे पुन्हा उमटले. समितीचे अभय सर म्हणाले, "आज मशीन नाही लावलं का?"

केसरबाईनं सरिताकडं पाहिलं. सरिता मांडीवरच्या बोटांकडं बघत होती.

"बंद पडलंय," केसरबाई म्हणाली. "सरे, सांग की."

तोवर प्रणयनं कपाटातून मशीन काढून झाकण उघडलं होतं. "मावशी, ओला फिल्टर बसवला? किती वेळा सांगितलं होतं मी."

"म्या नाय धुतला, बाबा. सरितानं धुतला. सकाळीच कबूल केलंय तिनं मला."

सगळ्यांच्या माना वळल्या. सरितानं डोकं वर केलं आणि म्हणाली, "कवा?"

एवढंच. मग पुढं सावकाश, "बारशाचा पसारा मी झाडूनं काढला. मशीनीला हातबी नाय लावला. काल सांजच्याला किल्ली तर अक्कांकडं दिली."

हे बोलताना तिची नजर केसरबाईकडं नव्हती, प्रणयच्या चेहऱ्यावर होती. तेव्हा केसरबाईला उमगलं. सरिताची लेक प्रेरणा लग्नाची झाली होती, आणि प्रणयच्या आईकडं तिचं बोलणं चालू होतं. ते बोलणं पहिल्यांदा काढलं होतं केसरबाईनंच. होणाऱ्या जावयानं बापाच्या आठवणीखातर दिलेली वस्तू आपल्या हातून जळाली, हे सासू होणारीनं कसं सांगावं? तोंडाशी आलेलं सगळं केसरबाईनं गिळलं.

अभय सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "प्रवासातून दमून आल्या असतील. होतं असं वयोमानानं. आता जरा विश्रांती घ्या, केसरबाई. किल्ली सरिताबाईंकडं राहू द्या."

केसरबाईनं कमरेची किल्ली सोडली. सरितानं हात पुढं केला. किल्ली घेऊन तिनं ती पदराच्या टोकाला बांधली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत केसरबाई झाडू घेऊन बाहेर आली. सवयीनं आपलं झाडून नाली ओलांडली, आणि झाडत झाडत सरिताच्या उंबऱ्याशी आल्यावर कालचं तिच्या ध्यानात आलं. झाडू थांबला. आतून कडी वाजली. सरिता चहाचा कप घेऊन दारात आली.

"अक्का, घोटभर घ्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोरीचं जमू द्या एकदा. मग मी सांगते की सगळ्यांना, माझ्याच हातनं झालं म्हणून."

केसरबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"कवा?"

सरिताच्या हातातल्या चहावर साय धरत होती. केसरबाईनं झाडलेला केर सुपलीत भरला. सरिताचं निम्मं अंगण तसंच सोडून ती नाली ओलांडून आली. आपल्या पायरीखालचा एक कोपरा मघाशी राहून गेला होता. ती खाली वाकली आणि तो झाडायला लागली.