पेन्सिलीने लिहिलेला चंडोल

नामदेवराव सांगळे यांची आणि माझी ओळख माझ्या रागातून झाली. ते जामखेडकडे एसटी चालवत. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. एका सकाळी त्यांनी बस मध्येच उभी केली आणि बॉनेटपाशी कान देऊन उभे राहिले. शाळेची वेळ होत आली होती. मी जाब विचारला.

"पट्टा सैल झालाय बाई, आवाज सांगतोय," ते म्हणाले. "आन् पलीकडं तित्तिर वरडतोय. त्याचं काय बिघडल्यालं न्हाई."

पुढे निवृत्तीनंतर आमचे पक्षिमंडळ झाले. नोंदवही माझ्याकडे, नियम त्यांचा : पाहिलेला पक्षी पेनाने लिहायचा, नुसता ऐकलेला पेन्सिलीने. दिसला की मग वरून शाई.

हा नियम मोडला तो मीच. गावालगतच्या माळावर वृक्षलागवडीचे खड्डे घ्यायचे ठरले होते. गवत गेले की भुईवर घरटी करणारे पक्षीही जाणार. त्याच आठवड्यात एका झुडपातून मला तणमोराची असते तशी कोरडी, बेडकासारखी टर्र ऐकू आली. पक्षी दिसला नाही. मी 'तणमोर' असे पेनाने लिहिले आणि ग्रामपंचायतीला पत्र दिले. इतका दुर्मीळ पक्षी म्हटल्यावर काम थांबेल, हा माझा हिशेब.

नामदेवराव तीन सकाळी त्या झुडपाजवळ बसले. मीही होते. तिसऱ्या दिवशी टर्र झाली. मग त्याच जागेतून टिटवी ओरडली, आणि मग मेंढरांना वळवायची शीळ आली.

"मेंढरं कुठं हायेत, बाई?"

"चार दिवस झाले, डोंगरापलीकडे गेली."

"मग शीळ कोन घालतंय? चंडोल हाय ह्यो. सगळ्यांच्या नकला करतो."

"तणमोरच राहू द्या. माळ तरी वाचेल."

"आन् उद्या खरा तणमोर आला, तर आपलं कोन ऐकंल?"

ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या ऐकण्यात चूक झाली." पत्रावर सही माझी एकटीची होती. 'आमच्या' नव्हे, 'माझ्या', अशी दुरुस्ती करायला मी उठले, तर म्हणाले, "बसा बाई. हितं हजेरी न्हाई घ्यायची."

"मग खड्डे घ्यायचे ना?" सरपंचबाईंनी विचारले.

"चंडोलबी भुईवरच घरटं करतो. झाडं रस्त्याकडंला लावा, पानी मी घालतो."

सभेने निम्मे ऐकले. चढाकडचा माळ राहिला, खालचा गेला. रस्त्याकडेच्या रोपांना नामदेवराव अजूनही पाणी घालतात.

आता ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. उजव्या कानाने कमी ऐकू येते म्हणतात. मला ते फारसे पटलेले नाही. नोंदवहीतला 'तणमोर' मी खोडला. त्याखाली 'चंडोल' आहे, तो पेन्सिलीने, कारण त्या झुडपातला तो नकलाकार आम्हा दोघांनाही आजवर दिसलेला नाही. तो दिसेपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, नामदेवरावांचे कान आणि गुडघे धड राहोत. रविवारी सकाळी सहाला मी माळावर असेन. त्यांनी उशीर करू नये. पेन मी आणते.