चार नंबरची डिस्क आणि वहिनींचं ताट

आमच्या दगडखाणीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि हजेरीपट माझ्याच कपाटात होता, तरी मलाही ते आठवायला वेळ लागायचा. त्याचं काम डंपरच्या ब्रेकच्या डिस्क तपासण्याचं. दगडांनी भरलेला डंपर उतारावरून खाली येतो तेव्हा त्याला धरून ठेवतात त्या या लोखंडी चकत्या. दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात, चकती घासते आणि झिजते. नवी असते तीस मिलिमीटर जाड. सव्वीसच्या खाली गेली की काढून टाकायची. एवढंच शास्त्र, पण माणूस बावीस वर्षं त्यापायी गाडीखाली उताणा पडला होता.

त्याची पद्धत ठरलेली. आधी अंगठ्याचं नख डिस्कवर आडवं फिरवायचा आणि मनाशी एक आकडा धरायचा. मग जाडी मोजायचा जुना मायक्रोमीटर लावायचा. दोन्ही आकडे जुळले की दिवसभर स्वतःवरच खूश. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायच्या की मुलगी बघायला आला तेव्हा यानं मुलीकडे कमी आणि दाराच्या फटीकडे जास्त बघितलं होतं. मी तिथला स्टोअरकीपर. नेलेलं हत्यार परत देताना तो त्यातल्या चार खोडी काढायचा, म्हणून मला त्याचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो.

मग नवे साहेब आले. त्यांच्याबरोबर मखमली डबीत एक व्हर्नियर आला, म्हणजे वस्तू जबड्यात धरून जाडी मोजायचं यंत्र. बटण दाबलं की आकडा उजळायचा. साहेबांनी पहिल्याच दिवशी जुना मायक्रोमीटर मागवला, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय म्हणाले आणि मला तो कपाटात बंद करायला लावला. यापुढे मोजमाप फक्त नव्या यंत्रानं होणार होतं.

आता या व्हर्नियरचे जबडे रुंद आणि चपटे. डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पॅड पोचत नाहीत, त्यामुळे मधला भाग झिजतो आणि कडेला न झिजलेला काठ तसाच उभा राहतो. चपटे जबडे बरोबर त्या काठांवर टेकतात आणि आतल्या खड्ड्याला स्पर्शही करत नाहीत. जुन्या मायक्रोमीटरची बारीक टोकं आत पोचायची. मिलिमीटरनं हे साहेबांना सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. साहेब म्हणाले की यंत्र हजारात एक भाग चुकत नाही, आणि तुमच्या नखाचं प्रमाणपत्र कुठाय?

तेव्हापासून आमच्या डिस्क झिजायच्या थांबल्या. दर महिन्याला तीस, तीस, तीस. मी रजिस्टरात ‘मर्यादेत’ लिहीत गेलो. सहाव्या महिन्यात कमाल झाली. चार नंबरच्या डंपरची डिस्क तीस पॉइंट दोन भरली, कारण काठावर गंज चढला होता. म्हणजे नवी होती त्याहून जाड. साहेबांनी मुख्य कचेरीला कळवलं की आमच्या देखभालीत डिस्क अंग धरू लागल्यात. शेऱ्याच्या रकान्यात मिलिमीटरनं लिहिलं होतं, ‘काठ मोजला. आतलं देव जाणे.’ साहेबांनी तो रकानाच फॉर्ममधून काढून टाकला.

चार नंबर चालवायचा मिलिमीटरचा सख्खा मेहुणा, वहिनींचा धाकटा भाऊ. त्याला तर चेवच चढला होता. दाजी, माझ्या गाडीची डिस्क वाढतेय आणि तुमच्या डोक्यातली झिजत चाललीय, असं तो कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचा आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो. पेडल जरा खोल जातंय, हेही त्यानं एकदा हसत हसतच सांगितलं होतं.

आठव्या महिन्यात पत्र आलं. ‘शून्य झीज’ हा सन्मान आमच्या खाणीला द्यायला मुख्य कचेरीचे मोठे साहेब येणार होते. आमच्या साहेबांनी कार्यक्रम आखला. चार नंबर पूर्ण भरून उताराच्या माथ्यावर उभा करायचा. मेहुणा तो वेगात खाली आणेल आणि खडूच्या रेघेवर थांबवेल. रेघेच्या पुढे दहा पावलांवर मंडप. पहिल्या रांगेत पाहुणे आणि निवडक कामगारांच्या घरची माणसं. डिस्क तपासणीसाची बायको आणि चालकाची बहीण एकच असल्यानं वहिनींना अगदी मधली खुर्ची मिळाली. साहेबांना हा योग फार आवडला होता.

मिलिमीटरनं अर्ज केला. मग दुसरा अर्ज केला. दुसऱ्यावर ‘पहिला अर्ज पाहा’ असा शेरा आला. त्यानं बायकोला जाऊ नको म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या की माझा भाऊ गाडी आणणार आणि मी घरी बसू? त्या रात्री ताट मांडीवर घेऊन जेवताना आमटी गळून त्याची मांडी ओली झाली. वर्षानुवर्षं घासून ताटाच्या मध्यावर भोक पडलं होतं. तो ताट उलटंसुलटं करत बसला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “बघताय काय एवढं? काठ शाबूत म्हणून ताट शाबूत का?” हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना त्याच्या बगलेत ते ताट होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी साहेब माझ्या स्टोअरमध्ये भाषण पाठ करत बसले होते. मिलिमीटर आला, ताट टेबलावर ठेवलं आणि अदबीनं म्हणाला की एक वस्तू तपासायची राहिलीय. साहेबांना मोजायला काहीही चालायचं. त्यांनी व्हर्नियर काढला, दुमडलेला काठ जबड्यात धरला. चार पॉइंट एक. नवीन असताना किती होतं, त्यांनी विचारलं. चार, मिलिमीटर म्हणाला. साहेब खूश झाले. झीज शून्य, पास. मग मिलिमीटरनं साहेबांच्याच कपातला चहा त्या पास झालेल्या ताटात ओतला आणि ताट भाषणावर धरलं.

गळत्या चहात भाषणाची पहिली ओळ गेली, मग दुसरी. ‘आदरणीय’ तेवढं राहिलं. साहेब ताडकन उभे राहिले. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. प्रकाश पडला, पण भलतीकडेच. ताट सदोष आहे, असं ते ओरडले, आणि अशी वस्तू आवारात आलीच कशी म्हणून मला लाल चिठ्ठी काढायला लावली. लाल चिठ्ठी म्हणजे तारेला बांधलेला पुठ्ठा. त्यावर छापलेलं असतं, ‘बाद. वापरू नये. मी स्वतः मोजून खात्री केली आहे.’ आमच्या यादीत बोल्टपासून टायरपर्यंत सगळ्याला क्रमांक आहे, ताटाला नाही. मी वस्तूची जागा कोरी ठेवली. साहेबांनी रागारागात खाली सही ठोकली आणि भाषणाची दुसरी प्रत शोधायला निघून गेले.

मिलिमीटरनं ती चिठ्ठी उचलली. माझ्याकडे बघितलं. कोऱ्या जागेत त्यानं ‘डंपर चार’ लिहिलं, तेही माझ्याच पेननं, आणि मी त्याला अडवलं नाही. आठ महिने मी जे ‘मर्यादेत’ लिहिलं होतं त्याची मला त्या क्षणी अशी लाज वाटली की मी कपाट उघडून जुना मायक्रोमीटर खिशात टाकला आणि रजिस्टर घेऊन त्याच्यामागे चढ चढायला लागलो.

माथ्यावर मेहुणा इस्त्रीच्या गणवेशात केबिनमध्ये बसला होता. मिलिमीटरनं पायरीवर चढून चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली.

“दाजी, सगळे खाली येऊन बसलेत,” मेहुणा म्हणाला. “आज तरी माझं नाक कापू नका.”

“पहिल्या रांगेत मधे कोण बसलंय ते बघ.”

मेहुण्यानं बघितलं. वहिनींनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि भाऊ दिसला म्हणून त्या खालून हात हलवत होत्या.

“आता खाली ये आणि नख फिरव,” मिलिमीटर म्हणाला.

मेहुणा उतरला, चाकामागे हात घातला. काठावरून त्याचं नख आत घसरलं ते घसरतच गेलं. त्यानं पुन्हा एकदा फिरवून बघितलं. मी मायक्रोमीटर लावला. सतरा. मेहुण्यानं गाडीची किल्ली दाजींच्या हातात दिली.

तोवर साहेब धापा टाकत वर आले होते. चिठ्ठी काढा म्हणाले. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि नियम दाखवला. ज्याची सही बांधताना, त्याचीच सही सोडताना, आणि वर त्याच्याच हातानं एक वाक्य लिहायचं: ‘मी स्वतः मोजले, गाडी सुरक्षित आहे.’ मी म्हणालो, “साहेब, लिहा आणि सही करा. मग गाडी सोडतो.”

साहेबांनी पेन घेतलं. चाकाकडे पाहिलं, मग खाली मोठ्या साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. पेनचं टोपण काही त्यांनी काढलं नाही.

सन्मान मात्र झाला. मोठ्या साहेबांना सांगण्यात आलं की झीज शून्य राखायची म्हणून गाडी जागेवरच ठेवलीय. त्यांना ते पटलं. इतका काटेकोरपणा आपण कुठे पाहिला नाही, असं ते भाषणात म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सन्मानाची ढाल आमच्या साहेबांनी घेतली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं डिस्क उतरवली आणि सहज हातोडी मारली, तर तिचे दोन तुकडे झाले. त्यातला एक मेहुण्यानं मागून घेतला.

नियमाप्रमाणे बाद वस्तू आवाराबाहेर नेता येत नाही आणि चिठ्ठी गाडीवर लागली असली तरी ताट बाद, हे साहेबांचं तोंडी फर्मान कायम होतं. त्यामुळे ते माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे. वहिनी अजून मला ताटाबद्दल बोल लावतात. मेहुण्यानं त्यांना नवं ताट आणून दिलं तरीही.

हल्ली मेहुणा रोज सकाळी किल्ली घ्यायला येतो तेव्हा दाजींना विचारतो, “नख फिरवलं का?” मिलिमीटर हो म्हणतो. तरी तो बाहेर जाऊन चाकामागे स्वतःचं नख एकदा फिरवतो, आणि मगच गाडीत चढतो.